‘अपूर्वाई’ पुन्हां वाचतांना

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’नें (१९६०) आमच्या घरांतील तीन पिढ्यांस हसविलें आहे. विलायतेस निघालेल्या दांपत्याची लगबग, लंडन, पॅरिस आणि शि. द. फडणीसांचीं चित्रें! परवां तें पुस्तक आम्हीं पुन्हां उघडलें, तें सुनीताबाईंचें ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) शेजारीं ठेवून. प्रवासांत सामान कोणीं बांधिलें, खर्चाचा मेळ कोणीं घातला, हें विचारण्याचें भान हसणाऱ्या वाचकास राहत नाहीं; आम्हांसही राहिलें नव्हतें. सुनीताबाईंच्या पुस्तकांत मात्र संसार मांडण्याचे व सांभाळण्याचे श्रमच बोलूं लागतात. घरांतलें चव्हाट्यावर आणलें, असा आक्षेप कित्येकांनीं घेतला. तो आम्हांस मान्य नाहीं; बाई स्वतःसही सोडीत नाहींत. प्रसंगांस क्रम नाहीं, आठवण नेईल तिकडे लेखणी जाते, आणि कधीं कधीं वाचक दमतो, हें खरें. पण भांडारकर रस्त्यावरील ‘मालती-माधव’वरून जातांना आतां आम्हांस हेंच पुस्तक आधीं आठवतें. वाचकांनीं मात्र क्रम उलटूं नये. आधीं ‘अपूर्वाई’ मनसोक्त हसून वाचावी.