परिणाममानाची निवड : ‘अल्प’, ‘मध्यम’ आणि ‘मोठे’ या कसोटीची मर्यादा

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात एखादी आरोग्यविषयक पाहणी योजावयाची झाल्यास तिचे फलित बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ याच स्वरूपात हाती येते. बाळंतपण रुग्णालयात झाले की घरी, मुलास लस मिळाली की नाही, रोगी वाचला की नाही, असे हे प्रश्न असतात. अशा द्विपर्यायी सामग्रीवरील अभ्यासात किती माणसे घ्यावीत हे, किती फरक शोधावयाचा आहे यावर अवलंबून असते. या फरकाच्या मापास परिणाममान म्हणतात. ते ठरविण्याची जी रीत रूढ झाली आहे तिचे परीक्षण होणे अगत्याचे आहे.

ही रीत जेकब कोहेन यांच्या सामर्थ्य-विश्लेषणावरील ग्रंथातून आली. त्याची पहिली आवृत्ती १९६९ ची व दुसरी १९८८ ची. दोन प्रमाणांच्या तुलनेसाठी कोहेन यांनी ‘एच’ हे माप योजिले. प्रमाणाचे वर्गमूळ ही ज्या कोनाची साइन असेल तो कोन दुप्पट करावयाचा आणि अशा दोन संख्यांतील अंतर घ्यावयाचे. समान ‘एच’ला जवळजवळ समान नमुना लागतो, हा या मापाचा खरा गुण होय. मात्र त्याबरोबरच ०.२ म्हणजे अल्प, ०.५ म्हणजे मध्यम आणि ०.८ म्हणजे मोठे, अशी कोष्टकवजा विभागणी आली. दुसरा आधार नसेल तेव्हाच ती वापरावी, असे खुद्द कोहेन यांनीच बजावले होते. व्यवहारात विभागणी राहिली आणि बजावणी विसरली गेली.

या विभागणीची कसोटी मराठवाड्यातच पाहावयास मिळते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक विस्तृत प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. पॅपिलोमा विषाणूच्या चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या. नियंत्रण गटातील ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे दर दहा हजारांमागे सुमारे २० मृत्यूंच्या जागी १०. मृत्यू निम्म्यावर आले. या फरकाचा ‘एच’ मात्र सुमारे ०.०२७ भरतो, ‘अल्प’ म्हणून सांगितलेल्या मर्यादेच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. इतकेच नव्हे, तर सर्व मृत्यू टळले असते तरी ‘एच’ ०.०९ च्या पुढे गेला नसता. जी कसोटी संपूर्ण यशासही ‘अल्प’ म्हणावयास तयार नाही, तिच्यावर आराखडा उभारणे सयुक्तिक नव्हे.

उलटपक्षी, केवळ गुणोत्तरावर विसंबूनही भागत नाही. ‘प्रमाण निम्मे व्हावे’ एवढे म्हटल्याने नमुना ठरत नाही. सार्थता पातळी ५ टक्के व सामर्थ्य ८० टक्के धरल्यास, ५० टक्क्यांवरून २५ टक्के ही घट शोधण्यास प्रत्येक गटात सुमारे ५५ व्यक्ती पुरतात. २ टक्क्यांवरून १ टक्क्यास सुमारे २,३०० लागतात. आणि दहा हजारांत २० वरून १० साठी सुमारे २३,५००. गावेच्या गावे गटांत घातल्यास हा आकडा आणखी वाढतो, कारण एका गावातील माणसे परस्परांसारखी असतात. मूळ प्रमाण सांगितल्याविना परिणाममान अर्थशून्य ठरते.

छोट्या पूर्वपाहणीतून मिळालेला फरक तसाच उचलणे ही दुसरी चूक होय. एखाद्या कोलामपोडावर दोन गटांत प्रत्येकी २० स्त्रिया पाहिल्या, आणि एकीकडे १० व दुसरीकडे ६ असा निकाल आला, असे समजू. फरक २० टक्क्यांचा दिसतो. परंतु त्याच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादा उणे १० पासून अधिक ५० पर्यंत पसरतात. पूर्वपाहणीने मूळ प्रमाणाचा अदमास आणि कामातील अडचणी कळाव्यात. परिणाममान तिच्यावरून ठरवू नये.

मग ते कशावरून ठरवावे? कमीत कमी किती फरक पडला तर उपाय हाती घेण्याजोगा ठरेल, या प्रश्नावरून. दर हजारी किती मृत्यू टळावेत, किती मुलांना अधिक लस मिळावी, त्यासाठी किती खर्च व किती पायपीट सोसावी, हा निर्णय परिचारिका, वैद्य आणि गावकरी यांच्याशी विचारविनिमय करून घ्यावयाचा आहे. गणित त्यानंतर येते. मूळ प्रमाणाचे दोनतीन अदमास घेऊन प्रत्येकासाठी नमुना काढावा. तो आवाक्याबाहेर गेला तर शोधावयाचा फरक फुगवू नये, प्रश्न बदलावा. मृत्यूऐवजी, स्त्री तपासणीस आली की नाही हे फलित किनवटच्या अभ्यासकाच्या आटोक्यात येऊ शकेल.

हा केवळ आकडेमोडीचा वाद नव्हे. उस्मानाबादच्या प्रयोगात नियंत्रण गटाची तपासणी झाली नाही, यावर पुढे कठोर टीका झाली. नमुन्याच्या प्रत्येक आकड्यामागे माणूस असतो. परिणाममान फुगवून घेतलेला लहान अभ्यास त्या माणसांचे सहकार्य घेतो, आणि ‘फरक आढळला नाही’ एवढे सांगून एखादा जीवरक्षक उपाय बाजूस सारतो. ज्याला कोष्टक ‘अल्प’ म्हणते, त्यात तीस जीव सामावलेले असू शकतात.