अन्नघटक कोष्टके आणि वांकिडीची भाकर : एक समीक्षा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली 'भारतीय अन्नघटक कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाचे सहा विभाग पाडून जमविलेल्या नमुन्यांवरून ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण त्यात दिले आहे. सरासरीसोबत प्रमाण विचलनही नोंदविले आहे, ही या ग्रंथाची मोठी जमेची बाजू होय. १०० ग्रॅम ज्वारीत लोह ३.९५ मिलिग्रॅम, तर विचलन ०.९४. म्हणजे सगळीकडची ज्वारी सारखी नसते, हे ग्रंथच सांगतो. वर्गात मात्र बहुधा पहिलाच आकडा शिकविला जातो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कोष्टके मुख्यतः कच्च्या अन्नाची आहेत. तेलंगणाच्या सीमेवरील वांकिडीसारख्या मराठी वस्तीच्या गावात ताटात येते ती भाजलेली भाकर. शिवाय ज्वारीतील फायटेट लोहाला बांधून ठेवते. त्यामुळे सारे लोह अंगी लागत नाही. सोबत लिंबू वा आवळा असल्यास शोषण वाढते, जेवणावर लगेच चहा घेतल्यास घटते. प्रयोगशाळा अन्नातील लोह मोजते, रक्तात उतरलेले नव्हे. वसतिगृहाचा आहार केवळ बेरजेने ठरविला, तर कागदावर लोह पुरेसे आणि मुलींमध्ये रक्तक्षय, अशी विसंगती उद्भवते.

याच ग्रंथात फायटेटचेही कोष्टक आहे. प्राध्यापकांनी दोन्ही कोष्टके एकत्र शिकवावीत आणि परिसरातील ज्वारी व भाकर यांचे पृथक्करण विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. ग्रंथाचा खरा उपयोग त्यातच आहे.