हिवतापाच्या परजीवींची औषध-संवेदनशीलता : प्रयोगशालेय चाचण्यांची चिकित्सा

'रोग औषधाला दाद देत नाही' हा मराठीतील रूढ वाक्प्रयोग हिवतापाच्या संदर्भात तीन भिन्न गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो : रुग्ण बरा न होणे, परजीवीने प्रयोगशाळेत औषध सहन करणे आणि त्याच्या जनुकात विशिष्ट बदल आढळणे. ही गफलत केवळ भाषिक नाही. औषधाचे धोरण याच पुराव्यांवर ठरते. फॅल्सिपॅरम परजीवीची क्लोरोक्विन-रोधकता भारतात प्रथम 1973 मध्ये आसाममध्ये नोंदविली गेली. देशभर आर्टेमिसिनिन-आधारित संयुक्त उपचार लागू होण्यास 2010 साल उजाडले.

मानवी रक्तपेशींत फॅल्सिपॅरमचे सातत्याने संवर्धन करण्याची पद्धत ट्रेगर व जेन्सन यांनी 1976 मध्ये मांडली. 1978 मध्ये रीकमन व सहकाऱ्यांनी गावपातळीवर नेता येईल अशी सूक्ष्मचाचणी दिली : बोटातून घेतलेले थोडे रक्त, औषधाच्या चढत्या मात्रांचे खळगे, मेणबत्तीने प्राणवायू घटविलेली बरणी आणि 24 ते 30 तासांनी पक्व परजीवींची मोजणी. साधेपणा हेच तिचे मोठेपण.

मात्र अशा चाचणीच्या आकड्याला 'बरे होण्याचा' अर्थ देणे गैर ठरते. काचेतील परजीवीसमोर फक्त औषध असते. रुग्णाच्या शरीरात प्रतिकारशक्तीही असते, आणि औषध पुरेसे शोषले जाईलच असे नाही.

उलट दिशेची फसगत अधिक गंभीर. कंबोडियातील पैलिन येथे आर्टेसुनेट घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातून परजीवी सावकाश नाहीसे होतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या धर्तीच्या चाचण्यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. दोष हातांचा नव्हता, प्रश्नाचा होता. रोधकता परजीवीच्या कोवळ्या वलयावस्थेत होती आणि चाचणी अखेरची एकूण वाढ मोजत होती. 2013 मधील वलयावस्था-चाचणीने प्रश्नच बदलला : 0 ते 3 तास वयाच्या परजीवींना 6 तास 700 नॅनोमोलर औषध द्यावे, ते धुऊन काढावे आणि 72 व्या तासाला जगलेले मोजावेत. 2014 मध्ये केल्च-13 जनुकाचा दुवाही सापडला.

बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2010 नंतर एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतर्गत रुग्णांच्या रक्तातील परजीवींची संवेदनशीलता थेट तपासली गेली. स्थलांतरित मजुरांचा 28 दिवस पाठपुरावा करणे दुष्कर असते. तेथे अशा कामाचे मोल वाढते. व्हायव्हॅक्सबाबत मात्र अडचण कायम आहे. त्याला कोवळ्या रक्तपेशी लागतात, दीर्घकाळ संवर्धन साधत नाही. शिवाय त्याच्या प्रौढ अवस्थांवर क्लोरोक्विनचा प्रभाव कमी असल्याने नमुना कोणत्या अवस्थेत घेतला, यावरच निष्कर्ष हेलकावतो. अवस्थेची नोंद नसलेला व्हायव्हॅक्सचा आकडा बाजूला ठेवणेच इष्ट.

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावातून पाठविलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी रंगवलेला आणि मृत असतो. तिच्यातून निदान होते, संवेदनशीलता कळत नाही. गाळणकागदावर वाळलेल्या थेंबातून केल्च-13 वाचता येतो, पण त्यात आधीच ओळखीचे असलेले बदलच शोधले जातात. रोधकतेची नवी वाट शोधायची तर जिवंत परजीवी शीतपेटीतून काही तासांत संवर्धनकक्षापर्यंत पोहोचावा लागतो.