शिवराईचे ‘दोष’ व त्यांची प्रतवारी

शिवराई जमविणाऱ्या नवख्या मंडळींनीं लिहिलेलीं नाण्यांचीं वर्णनें अलीकडे वाचनांत येतात. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु ‘टांकसाळीचा दोष’ हा शब्द त्यांत फार सैलपणें वापरलेला आढळतो. ‘श्री’ अर्धी उमटली तर दोष, ‘पति’ कडेबाहेर गेलें तर दोष, ‘शिव’ ऐवजीं ‘सिव’ दिसलें तर मोठाच दोष. आणि दोष म्हटला कीं दुर्मिळता व दुर्मिळता म्हटली कीं किंमत, असा हा क्रम आहे.

व्याकरणांत आधीं उत्सर्ग कळावा लागतो, मग अपवाद. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत सारखेपणा हा उत्सर्ग. म्हणून तेथें ठसा सरकला तर तो अपवाद ठरतो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेली व एकोणिसाव्या शतकांतहि चालत राहिलेली शिवराई हातोड्याच्या घावानें पाडीत. तांब्याची चकती पुष्कळदां ठशाहून लहान असे. म्हणून एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ हीं अक्षरें पूर्ण उमटणें हाच येथें अपवाद होय.

पोथ्या हाताळणाऱ्यांस पुढील भेद सहज पटेल. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ किंवा ‘पति’, ‘पती’ हे पाठभेद होत. ते ठसा खोदणाऱ्याचे. मोडी लिहिणाऱ्या काळास इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळण्याची संवय नव्हती. त्यावर पाणिनीची छडी उगारण्यांत अर्थ नाहीं. लेखकप्रमाद निराळे, ते पाडतांना घडतात. चकतीवर दोनदां घाव बसून अक्षरें दुहेरी येतात. किंवा आधींचें नाणें ठशास चिकटून राहतें व पुढच्या चकतीवर तींच अक्षरें उलटीं व खोलगट उमटतात. टांकसाळीचे खरे दोष हेच. तिसरी गोष्ट जीर्णतेची. तिचा टांकसाळीशीं संबंधच नाहीं.

कसोटी अवघड नाहीं. तेंच विचित्र अक्षर, कडेच्या त्याच बिंदुमालेसह, दुसऱ्या नाण्यावर मिळालें तर तें ठशांतलें. न मिळाल्यास निर्णय थांबवावा. झिजलेली जागा गुळगुळीत असते व उंच भाग प्रथम जातो. घाव हलका पडला असेल तर चकतीचा मूळचा खडबडीतपणा राहतो, आणि मागील बाजूची तीच जागाहि बहुधा अस्पष्ट असते.

प्रतवारीचेंहि तसेंच. एक ते सत्तर अंकांची रीत विल्यम शेल्डन यांनीं १९४९ मध्यें अमेरिकेच्या १७९३ ते १८१४ या काळांतील तांब्याच्या सेंट नाण्यांकरितां मांडली. तिचा मूळ हेतु किंमत ठरविणें हा होता. शिवराईस ‘चाळीस गुण’ दिल्यानें संशोधकास कांहींच कळत नाहीं. वजन, व्यास, वाचतां येणारीं अक्षरें, घावाची स्थिति, झीज व पृष्ठभाग हीं सहा कलमें निरनिराळीं लिहावीं.

शेवटचें कलम आमच्या मुळशीकडे विशेष महत्त्वाचें. येथील पावसाळी मातींत तांब्यावर हिरवा थर चढतो. आणि देव्हाऱ्यांतली शिवराई पूजेच्या उपकरणांबरोबर चिंचेनें घासली जाते. असें लखलखीत नाणें नवखा उत्तम प्रतीचें समजतो. वस्तुतः अक्षरांच्या कडा घासून बोथट झालेल्या असतात, आणि वर सांगितलेली कोणतीहि कसोटी मग त्यास लावतां येत नाहीं. जुनें पान धुवून उजळ करण्याचें कोणाहि पोथीसंग्राहकाच्या मनांत येणार नाहीं. नाण्यासहि तोच नियम लावावा, व मिळालें त्या स्थितींतच त्याची नोंद करावी.