खेळाडू परत आला म्हणजे खेळ आवडला, असं धरायचं का?

पेपर वाचताना नेमकं काय तपासायचं हा प्रश्न बरेच जण विचारतात. आज त्यासाठी जरा वेगळा विषय घेऊ या. ऑनलाइन गेममध्ये कोण कोणाशी खेळणार, हे ठरवतं कोण?

जुनी पद्धत डेडिकेटेड सर्व्हरची. काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना आठवेल, सर्व्हरची लांबलचक यादी यायची. प्रत्येकापुढे पिंग, मॅप आणि किती जण खेळतायत ते दिसायचं. आपण निवडायचो. रोज त्याच सर्व्हरवर गेलं की तीच नावं भेटायची, ॲडमिन ओळखीचा व्हायचा, चीटिंग करणाऱ्याला तोच हाकलायचा. नव्या पद्धतीत फक्त 'प्ले' दाबायचं, बाकी सगळं अल्गोरिदम बघतो. २००९ साली मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीसी आवृत्तीतून डेडिकेटेड सर्व्हर काढून टाकले, तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. गेम तरीही तुफान खपला, ते सोडा.

या वादात पहिला घोळ व्याख्येचा आहे. सामना कुठल्या मशीनवर चालतो हा एक प्रश्न, आणि कोणाला कोणासमोर उभं करायचं हा दुसरा. सीएस:गोमध्ये व्हॉल्वचं मॅचमेकिंग व्हॉल्वच्याच डेडिकेटेड सर्व्हरवर चालायचं, आणि शेजारी खेळाडूंच्या सर्व्हरची यादीही होती. म्हणजे 'हे की ते' असं काही नाहीच. दोन चल एकत्र बांधून वाद घातला की निष्कर्ष कशामुळे आला ते कळत नाही.

मशीनचा प्रश्न निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. चांदवडहून मुंबई सरळ रेषेत जवळपास २०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान २ मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे किमान ४०. प्रत्यक्षात मोबाइल टॉवर आणि वाटेतले राउटर यांची भर पडतेच. सेकंदाला ६४ वेळा हिशोब करणाऱ्या सर्व्हरवर एक टिक १५.६ मिलिसेकंदांची असते. सिंगापूरच्या सर्व्हरवर आपला पोरगा निदान अडीच टिक मागे आहे, मग त्याचा नेम कितीही चांगला असो.

आता दुसरा प्रश्न, जोड्या लावण्याचा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या हर्ब्रिच, मिंका आणि ग्रेपेल यांचा 'ट्रूस्किल' हा पेपर २००६ च्या निप्स परिषदेतला. मला तो मनापासून आवडतो. प्रत्येक खेळाडूचं कौशल्य म्हणजे एक सरासरी आणि तिच्याबद्दलची अनिश्चितता; सुरुवात २५ आणि ८.३३ पासून, आणि जसजसे सामने होतील तसतशी अनिश्चितता कमी होत जाते. स्वच्छ बायेशियन मांडणी आहे. पण मूळ मॉडेलला फक्त निकाल दिसतो, पिंग दिसत नाही. चांदवडच्या पोराचा लॅग त्याच्या 'कौशल्यात' जमा होतो आणि पुढच्या वेळी त्याला कच्च्या खेळाडूंमध्ये टाकलं जातं. घरी चांगलं कनेक्शन आलं की तोच पोरगा अचानक 'सुधारतो'. आपण मोजतोय काय, हा प्रश्न इथे विचारायचा.

२०१७ चा ईओएमएम पेपर याच्या पुढे जातो. त्याच्या लेखकांत ईए कंपनीचे संशोधक आहेत. त्यांचं म्हणणं असं की बरोबरीचा सामना हे ध्येय कशाला? खेळाडू खेळ सोडून जाण्याची शक्यता कमीत कमी होईल, अशाच जोड्या लावा. शेवटच्या काही सामन्यांत तो जिंकला की हरला, यावरून ती शक्यता काढायची. गणित नीट आहे, कल्पना धीट आहे. पण तपासणी प्रत्यक्ष खेळाडूंवर नाही, सिम्युलेशनमध्ये आहे. ज्या मॉडेलवरून जोड्या लावल्या, त्याच मॉडेलच्या अंदाजाने किती जण टिकले ते मोजायचं! पेपर काढणाऱ्यानेच तो तपासावा, तसं झालं. (पेपर लिहिला म्हणून ती पद्धत गेममध्ये वापरली गेली, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. यूट्यूबवर तसं सर्रास ठोकून देतात.)

ॲक्टिव्हिजनने २०२४ साली कॉल ऑफ ड्यूटीबद्दल जे अहवाल काढले, ते या बाबतीत बरे. तिथे खराखुरा प्रयोग आहे. उत्तर अमेरिकेतल्या काही खेळाडूंसाठी कौशल्याचं वजन सैल केलं आणि बाकीच्यांशी तुलना केली. अगदी वरचे खेळाडू सोडले, तर बाकीचे कमी परत आले आणि सामने अर्धवट सोडण्याचं प्रमाण वाढलं. निष्कर्ष: कौशल्य बघून जोड्या लावणं बहुतेकांच्या हिताचं.

मला हे अर्धंच पटतं. नवख्याला रोज तुडवलं की तो पळणारच, यात शंका नाही. पण तुलना कशाशी केली ते बघा. दोन्ही गट अनोळखी गर्दीतच खेळत होते. ज्या सर्व्हरवर रोज तीच पंधरा-वीस माणसं भेटतात, हरल्यावर टिंगल होते आणि कोणी तरी नेम धरायला शिकवतं, तो गट प्रयोगात नाहीच. तिथे कच्चा खेळाडू ओळखीमुळे टिकतो का? प्रश्नच विचारला नाही, तर उत्तर कुठून येणार? आणि 'परत येणं' म्हणजे 'आवडणं' हेही गृहीतच आहे. सवयीनेही माणूस परत येतो.

आपल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. गोल्टीला कमी भाव मिळाला तरी शेतकरी बोली ऐकत तिथेच उभा असतो. मॅचमेकिंगमध्ये तुमची प्रत कुठली लावली आणि का, हे कंपनीलाच माहीत. नोंदी तिच्याकडे, कोड तिच्याकडे. त्यामुळे बाहेरच्या कुणालाही हे प्रयोग पुन्हा करून बघता येत नाहीत. ईओएमएममधली त्रुटी निदान पेपर वाचून सापडते. अहवालातली सापडायला आकडेच हातात नाहीत.

खेळाडूंच्या सर्व्हरचं तसं नाही. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर एखाद्या जुन्या पीसीवरही उभा राहतो आणि कोण आलं, कोणी कोणाला मारलं, कोण कधी गेलं, सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. खेळणाऱ्यांची परवानगी घ्या, नावं काढून टाका, दोन महिने नोंदी जमवा. हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी परत येतो का, आणि समोर ओळखीची माणसं असली की त्यात फरक पडतो का, एवढं एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये नक्की बसतं. कोणाला करायचं असेल तर कळवा, लॉग फाइल वाचायचा पायथनचा कोड मी देईन.