वरचा सूर टाळला, ते कळलं का?

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्या दिवशी तिला गायला लावलं. आजी पंचवटीतल्या एका भजनी मंडळात तीसेक वर्षं गायची. मग दम पुरेना, तेव्हा एका एकादशीला घरी येऊन तिने टाळ कपाटात ठेवले आणि "झालं माझं गाणं" म्हणाली. त्यानंतर आठ वर्षं ती स्वयंपाकघरातही गुणगुणली नाही. कार्यक्रमात मात्र आतेभावाने माईक तिच्या तोंडासमोर धरला. पंचवीस-तीस फोन वर झाले. आजीने एक अभंग म्हटला, चारेक मिनिटं. टाळ्या मधूनच सुरू झाल्या. दोन मावश्या रडल्या. रात्री व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

झोपण्याआधी गोळ्या द्यायला गेलो तर आजीने विचारलं, "वरचा सूर मी टाळला. ते कळलं का रे कुणाला?"

मी म्हणालो, "भारी झालं गं आजी." ती कूस बदलून झोपली.

तो प्रश्न डोक्यात राहिला. त्यानंतर बरेच दिवस मी फोनवर एकाच प्रकारचे व्हिडिओ बघत होतो: थांबलेल्या, थकलेल्या, आजारातून उठलेल्या गायकांचं परत येणं. आजीने विचारलेलं मला त्यात ऐकू येतंय का, हे तपासायचं होतं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं परत येणं म्हणजे पंडित भीमसेन जोशींचं. डिसेंबर 2007, पुण्याचं रमणबाग, पंचावन्नावा सवाई गंधर्व महोत्सव. गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू झालेला हा महोत्सव भीमसेनजींनी उभा केला, वाढवला आणि वर्षानुवर्षं त्याची सांगताही त्यांच्याच गाण्याने होत आली. मग आजारपणं आली, त्या मंचावरचं गाणं थांबलं. 2007 मध्ये पंचाऐंशी वर्षांचे भीमसेनजी तिथे पुन्हा गायले. सवाईतलं ते त्यांचं शेवटचं गाणं ठरलं. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं आणि 24 जानेवारी 2011 ला ते गेले.

या गाण्याबद्दल कुणीही बोलू लागलं की पहिले दोन शब्द ठरलेले असतात: "या वयात!" त्यापुढे गाण्याबद्दल काही येत नाही. कौतुक खरं असतं, डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. पण त्या दोन शब्दांनी गवयाचा पेशंट होतो. आपण त्याची तब्येत ऐकतो, त्याने काय केलं ते ऐकत नाही.

मी आधी उलट चूक करून पाहिली. जुनी रेकॉर्डिंग आणि हे गाणं एकामागोमाग लावलं. जुन्या भीमसेनांची तान म्हणजे धरण फुटल्यासारखी, आणि दम असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्या तराजूत 2007 चं गाणं घातलं की हिशेब फक्त तोट्याचा निघतो. मग जुनं बंद केलं आणि नुसतं हेच ऐकलं. आवाज थकलेला आहे, वाक्यं लहान आहेत. पण स्वर लावायची घाई नाही. एक स्वर लागेपर्यंत पुढचा मागितला जात नाही. किराणा घराण्याची पहिली शिकवण तीच, एकेका स्वराला वेळ देत राग उलगडायचा. तारुण्यात या पायावर भीमसेनांनी तानांचा केवढा तरी डोलारा उभारला होता. वयाने डोलारा उतरवला, पाया तसाच राहिला. मला तरी त्या गाण्यात मोठं वाटलं ते हे.

वय झाल्यावर आवाजाचं काय होतं, हे थोडं माहीत असलं की ऐकणं सोपं जातं. फुप्फुसांत हवा कमी मावते, म्हणजे वाक्य लहान होतं. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, स्वरपट्ट्यांचे स्नायू बारीक होतात, म्हणून वरचे सूर सुटत जातात आणि लांब धरलेला सूर हलतो. स्त्रियांचा आवाज बहुधा खाली उतरतो, पुरुषांचा पातळ होतो. गायकाकडे यावर उपाय असतात. आपल्या संगीतात पट्टी ठरलेली नाही. तानपुरा खाली लावला की षड्जच खाली येतो, आणि राग जसाच्या तसा राहतो. दुसरा उपाय मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याचा. गुरू एक जागा दाखवून सोडतो, शिष्य ती उचलून वर नेतो. ही फसवणूक नाही, मैफलीची जुनी रीत आहे. म्हातारा गवई ऐकताना मजा तिथेच असते: त्याने कुठली जागा स्वतःकडे ठेवली आणि कुठली मागे दिली?

कमी झालेल्या दमातून नवं गाणंही निघू शकतं. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला. 1948 मध्ये ते देवासला आले, पुढची काही वर्षं गाणं बंद. पन्नासच्या दशकात ते परतले तेव्हा गाणं बदललेलं होतं: छोट्या, धारदार, अचानक सुटणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या स्वरवाक्यांचं. ते सगळं आजाराने घडवलं असं म्हणणं त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारं होईल. आजारी नसतानाही ते वेगळंच गायले असते. पण श्वास कुठे तोडायचा, हा त्यांच्याकडे सौंदर्याचा प्रश्न झाला आणि ऐकणाऱ्यांनीही तो तसाच घेतला. "एवढ्या आजारातून उठून गातात" यावर त्यांची कीर्ती उभी राहिली नाही.

टीव्हीला मात्र तेच वाक्य हवं असतं. पडद्यावरच्या पुनरागमनाचा एक जुना नमुना अमेरिकेतला. फ्रँक सिनात्रा 1971 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, जाहीरपणे निवृत्त झाला. दोन वर्षांत एनबीसी वाहिनीवरच्या खास कार्यक्रमातून परतला. आणि 13 ऑक्टोबर 1974 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून त्याची मैफल एबीसीने थेट दाखवली. नाव होतं 'द मेन इव्हेंट'. मंच बॉक्सिंगच्या रिंगसारखा, चारी बाजूंनी गर्दी आणि ओळख करून द्यायला खेळांचा निवेदक हॉवर्ड कोसेल. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं की ही लढत आहे आणि आपला माणूस जिंकणार आहे. पुढे त्याच नावाची रेकॉर्ड निघाली, तीत त्या दौऱ्यातल्या इतर मैफलींमधलं गाणंही निवडून जोडलेलं होतं. पडद्याला त्या रात्रीचा सोहळा पुरला, रेकॉर्डला पुरला नाही. रेकॉर्ड घरी बसून पुन्हा पुन्हा ऐकतात, तिथे गर्दी मदतीला येत नाही.

आज सोहळा पडद्यावरून रीलवर आलाय. 29 डिसेंबर 2024 ला दुबईत आशा भोसले, वय एक्क्याण्णव, 'तौबा तौबा' गायल्या आणि त्यातली गाजलेली स्टेपही केली. (आशाबाई निवृत्त नव्हत्या, पण प्रेक्षकांची तऱ्हा तीच.) ती क्लिप तुमच्यापर्यंतही पोचली असेल. मीही ती चार ग्रुपवर पाठवली. स्टेप सगळ्यांना आठवते. गाणं एका पंजाबी पोराचं, कालपरवाचं. त्यातला ठेका आशाबाईंनी कसा पकडला, शब्द कुठे आणि कसे फेकले, हे मला विचाराल तर मला परत जाऊन ऐकावं लागलं. सत्तरहून जास्त वर्षं शब्द फेकण्याची नवी नवी तऱ्हा शोधत आलेल्या गायिकेला आपण कंबर हलवल्याबद्दल शाबासकी दिली.

हे होणार, हे ओळखून थांबणारेही झाले. केरीच्या केसरबाई केरकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणं बंद केलं आणि पुन्हा मंचावर आल्या नाहीत. त्यांचा दरारा मोठा, रेकॉर्ड मोजक्याच. त्यातली एक, भैरवीतली 'जात कहाँ हो', नासाने व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत घातली. दुसरं यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांचा तो ऐन भरातला आवाज आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. त्यांच्या निर्णयात मानीपणा आहे आणि मला तो आवडतो. पण त्यात आपलं नुकसानही झालं. सत्तरीतल्या केसरबाईंनी एखादा राग कसा मांडला असता, काय गाळलं असतं, काय धरून ठेवलं असतं, हे आता कधीच कळणार नाही. म्हातारपणाचं गाणं हा गाण्याचा एक वेगळा प्रकारच आहे. तो त्यांनी लपवला, कारण ऐकणारे त्याकडे कसे बघतील यावर बहुधा त्यांचा भरवसा नव्हता.

तिसरी वाट आमच्या नाशकातली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, शाळा काढल्या, कर्जं काढली. 1924 मध्ये मुंबईतली गांधर्व महाविद्यालयाची इमारत लिलावात गेली. आयुष्याच्या त्या उतारावर ते नाशकात रामनाम आधार आश्रमात राहिले आणि मैफलीचा गवई रामकथेकडे, रामधुनीकडे वळला. निवृत्तीही नाही, पुनरागमनही नाही. गाणं तेच, फक्त समोरचे लोक दाद द्यायला बसलेले नाहीत, सोबत गायला बसलेत. भजनी मंडळात हेच होतं. तिथे तुमचा सूर पोचला नाही तर शेजारची बाई तो घेते आणि अभंग पुढे जातो.

हे लक्षात आलं तेव्हा कळलं की आजीला त्या दिवशी आम्ही काय केलं. तीस वर्षं जी बाई दहा जणींच्या मधे बसून गायली, तिला एकटीला माईक दिला, चारी बाजूंनी फोन धरले आणि शेजारी सूर उचलायला कुणी ठेवलं नाही. घरातला 'मेन इव्हेंट'.

काल तो व्हिडिओ पुन्हा काढला. इअरफोन लावले, डोळे मिटले. पहिलं कडवं नीट, जरा खालच्या पट्टीत. दुसऱ्या कडव्यात चाल वरच्या षड्जाला जाते. आजी पंचमापर्यंत चढली, तिथे थांबली, विठ्ठलाचं नाव जरा लांबवलं आणि अशी अलगद खाली वळली की चाल मुळात तशीच असावी. टाळ्या बरोबर तिथेच सुरू होतात. जागा त्यात बुडून जाते.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. म्हटलं, "आजी, दुसऱ्या कडव्यात पंचमावरून परत आलीस."

तिने मान वर केली नाही. एक देठ मोडला.

"तिसऱ्यातही," म्हणाली.