देशांतर आणि माहितीपट

आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां स्वतःच्या कुटुंबावर माहितीपट करीत आहे. त्याचे आजोबा-आजी पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन निघाले, रायपूरजवळच्या माना छावणींत कांहीं काळ राहिले आणि अखेर आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांत स्थिरावले. मुलचेरा-चामोर्शीकडे जो एकदां गेला असेल त्यास ह्या बंगाली वस्त्या अपरिचित नाहींत. चित्रपटाचा जुळून आलेला अर्धा तास त्यानें आम्हांस दाखविला आणि मत विचारलें. तें आम्हीं त्यास तेव्हांच सांगितलें; परंतु प्रश्न त्याच्या एकट्याचा नसल्यामुळें तो येथें मांडीत आहों.

चित्रपट नकाशानें सुरू होतो. खुलन्यापासून एक तांबडी रेषा निघते ती गडचिरोलीपर्यंत सरकत येते. मागून एक भारदस्त आवाज १९४७ ची फाळणी, १९५८ ची दंडकारण्य योजना, १९६४ चे दंगे, १९७१ चें युद्ध क्रमानें सांगतो. सारें खरें आहे. पाठ्यपुस्तकांतही तें सांपडतें. आजी मात्र तीनच मिनिटें दिसते. परीटघडीची साडी नेसून ती अंगणांत खुर्चीवर बसली आहे. "घर सोडतांना काय वाटलें?" असें नातू विचारतो. "वाईट वाटलें," ती म्हणते. दुसरें ती काय म्हणणार? ऋत्विक घटक ह्यांचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) आमच्या विद्यार्थ्यास जवळजवळ मुखोद्गत आहे. तसा आक्रोश आजीनें कॅमेऱ्यापुढें करावा अशी त्याची अपेक्षा असावी. तिनें ती पुरविली नाहीं, ह्याबद्दल आम्हांस तिचें कौतुकच वाटलें.

ह्याच विषयावरचा एक परदेशी माहितीपट आम्हीं त्यास पाहावयास सांगितला. मार्टिन स्कॉर्सेसी ह्या अमेरिकन दिग्दर्शकानें १९७४ सालीं ‘इटॅलियनअमेरिकन’ ह्या नांवानें तो केला. लांबी पाऊण तासाहून थोडी अधिक. सिसिलीहून न्यूयॉर्कला आलेल्या कुटुंबांची ही कथा. सांगणारे दोघेच, दिग्दर्शकाचे आईबाप, आणि तेही स्वतःच्या घरांत. आरंभींच आई मुलाला विचारते, मी बोलूं तरी काय? नवरा दूर बसला म्हणून त्यास बोलते, त्याचें वाक्य मध्येंच तोडते, उठून स्वयंपाकघरांत जाते आणि रश्श्याची कृति सांगूं लागते. ही कृति शेवटच्या श्रेयनामावलींतही दिली आहे. गरिबी, दाटीवाटीच्या खोल्या, आईबापांनीं उपसलेले कष्ट हें सर्व ह्या खटक्यांतून, थट्टेंतून बाहेर येतें. वरवर पाहणाऱ्यास ही घरगुती गंमत वाटेल. आमच्या मतें चित्रपटाची सारी शक्ति तेथेंच आहे, कारण आई मुलाशीं बोलते आहे, इतिहासाशीं नव्हे.

तथापि हा कित्ता जसाच्या तसा गिरवावा असें आम्ही म्हणणार नाहीं. न्यूयॉर्कच्या चाळींतील खोलीची गोष्ट त्या खोलीच्या चार भिंतींत सांगतां येते. मुलचेऱ्याचें तसें नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा निवेदक म्हणतो कीं, निर्वासितांनीं "निर्जन अरण्यांत" संसार उभे केले. ह्या एका विशेषणावर आमचा मुख्य आक्षेप आहे. चांद्याच्या गोंड राजांचा आणि पुढें अहेरीच्या जमीनदारीचा हा मुलूख. माडिया-गोंड येथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. बंगाली शेतकऱ्याचे कष्ट खोटे नाहींत, त्याची धानाची शेती आणि मासळीचीं तळीं कोणीही पाहावींत. पण ज्याचें घर हिरावलें गेलें त्याची कथा सांगतांना ज्याच्या अंगणांत तें घर नव्यानें उभें राहिलें त्यास पुसून टाकणें हा अन्याय आहे. आणि कलेच्या दृष्टीनें तें दारिद्र्यही आहे.

हें बोलणें चाललें असतां त्यानें सहज एक हकीकत सांगितली. चित्रण संपून सामान बांधीत असतां आजी चुलीपाशीं गेली आणि तेथें आपोआप बोलूं लागली. पहिल्या पावसाळ्यांत हातीं पैसा नव्हता, भाजी नव्हती. शेजारच्या पाड्यावरच्या एका गोंड बाईनें तिला जंगलांत नेऊन वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढावयास शिकविलें. ते चिरून कसे उकळावे, पाणी कितीदां टाकावें, तेंही दाखविलें. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. आजीनें त्यांत मोहरीचें वाटण घातलें. तीच भाजी त्यांच्या घरीं अजून होते.

"मग हें चित्रपटांत कोठें आहे?" आम्हीं विचारलें.

कॅमेरा पेटींत गेला होता, तो म्हणाला. शिवाय चुलीपाशीं उजेड फार कमी. आजीस आतां ऐंशीच्या वर वर्षें झालीं आहेत, आणि वास्ते पावसाळ्याखेरीज मिळत नाहींत. येत्या आषाढांत तो गांवीं जाणार आहे. नकाशा काढून टाकावयास मात्र तो अद्याप तयार नाहीं.